सत्तर वर्षांची मोटर चालते, मग दहा वर्षांची का अडेल? आउटबोर्ड इंजिनांच्या सुट्या भागांचा प्रश्न

२७ मे २०२० रोजी बीआरपी या कॅनडाच्या कंपनीने एक घोषणा केली: एव्हिनरूड आउटबोर्ड मोटरींचं उत्पादन बंद. कोविडच्या बातम्यांच्या गर्दीत आपल्याकडे ती कुणाच्या नजरेला पडायचं कारणच नव्हतं. पण हे नाव साधं नाही. ओले एव्हिनरूड हा नॉर्वेहून अमेरिकेत आलेला माणूस. त्याने मिलवॉकीमध्ये १९०९ साली होडीच्या मागे अडकवायच्या मोटरी विकायला सुरुवात केली, आणि 'आउटबोर्ड' हा धंदा खऱ्या अर्थाने तिथून उभा राहिला. म्हणजे १११ वर्षांचं नाव एका प्रसिद्धिपत्रकात संपलं. सुटे भाग आणि वॉरंटीची सेवा चालू राहील, असंही कंपनीने त्यात सांगितलं होतं.

गंमत पुढे आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन, मिनेसोटाच्या तळ्यांवर आजही १९५०च्या दशकातल्या एव्हिनरूड आणि जॉन्सन मोटरी दोरी ओढली की सुरू होतात. त्यांचे मालक सुटे भाग शोधतात, आणि बहुतेक वेळा त्यांना ते मिळतात. मात्र याच कंपनीची २०१५ची कॉम्प्युटर-नियंत्रित मोटर २०४० मध्ये चालू असेल का, यावर पैज लावायला मी तरी तयार नाही. हे असं उलटं का, ते समजून घेऊया. मुद्दा फक्त अमेरिकन हौशी लोकांचा नाही. आपल्या गाड्या, ट्रॅक्टर, फ्रिज सगळे त्याच वाटेवर आहेत.

आधी यंत्र समजून घेऊ

आउटबोर्ड मोटर म्हणजे होडीच्या मागच्या फळीवर बाहेरून अडकवलेलं पूर्ण इंजिन. वर इंजिन, मधून खाली जाणारा उभा शाफ्ट, तळाशी गिअर आणि पंखा. कोकणात किंवा गोव्यात लहान होड्यांवर जी 'ओबीएम' दिसते, तीच ही. जुन्या मोटरी टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं, जसं आपल्याकडे राजदूत आणि जुन्या चेतकच्या काळात पंपावर मिसळून मिळायचं तसं.

आत फारसं काही नसतं, आणि तेच तिचं बळ. फ्लायव्हीलमध्ये चुंबक, त्याखाली कॉइल, सीबी पॉइंट आणि कंडेन्सर. बॅटरी नाही. दोरी ओढली की चुंबक फिरतं, कॉइलमध्ये वीज तयार होते, पॉइंट उघडतात त्या क्षणी ठिणगी पडते. थंड ठेवायला तळ्याचंच पाणी: खाली रबरी पात्यांचा एक छोटा इम्पेलर असतो, तो पाणी वर ढकलतो. एक साधा कार्बोरेटर. पंखा दगडावर आपटला तर गिअर तुटू नये म्हणून एक मऊ पितळी पिन मुद्दाम आधी तुटते. ती बदलायला पक्कड पुरते.

आता यातलं काय काय खराब होतं? रबर कडक होतं, म्हणून इम्पेलर. कॉइलवरचं आवरण तडकतं, ठिणगी मधेच जमिनीला जाते, म्हणून कॉइल. पॉइंट झिजतात. गास्केट फाटतात, ऑइल सील सुकतात. हे सगळे झिजणारे भाग. आणि दुसऱ्या बाजूला ओतीव भाग: इंजिनचा ब्लॉक, खालची गिअरपेटी, वरचं झाकण. हे सहसा झिजत नाहीत. पण तुटले तर नवे मिळत नाहीत. सुट्या भागांच्या शोधाचे हे दोन वेगळे बाजार आहेत आणि त्यांचे नियमही वेगळे आहेत.

कॉइल मिळते, कारण ती एकाच मोटरीची नाही

इथे थोडा इतिहास लागतो. जॉन्सन ही एव्हिनरूडची प्रतिस्पर्धी कंपनी मंदीत बुडाली आणि १९३५ मध्ये एव्हिनरूडवाल्यांनीच ती विकत घेतली. पुढच्या वर्षी आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन, म्हणजे ओएमसी, अशी एकत्र कंपनी झाली. युद्धानंतर हळूहळू असं झालं की जॉन्सन आणि एव्हिनरूड ही दोन दुकानांतली दोन नावं राहिली. झाकण आणि रंग वेगळा, आतलं यंत्र बव्हंशी एकच. त्यातही ओएमसीने सुमारे दोन दशकं ३ पासून ४० हॉर्सपॉवरपर्यंतच्या अनेक मोटरींमध्ये एकाच प्रकारचा मॅग्नेटो वापरला.

म्हणून १९५६च्या जॉन्सनसाठी कॉइल शोधणारा माणूस प्रत्यक्षात कितीतरी मॉडेलांसाठी चालणारी वस्तू शोधत असतो. मागणी एकत्र झाली की कुणीतरी ती बनवतो. ओएमसी २००० सालच्या डिसेंबरमध्ये दिवाळखोरीत गेली तरी अशी कॉइल, पॉइंट, कंडेन्सर, इम्पेलर बनवणाऱ्या दुसऱ्या कंपन्या होत्याच. 'आफ्टरमार्केट' म्हणतात तो हा बाजार. आपल्याकडे पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईच्या कुर्ल्यात जे चालतं, तेच. आरएक्स १०० चं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं, म्हणून तिचे भाग थांबले का? गाड्या रस्त्यावर आहेत तोवर कुणीतरी ते बनवतोच.

पण भाग अस्तित्वात असणं आणि तो सापडणं या दोन वेगळ्या गोष्टी. मधला दुवा म्हणजे पार्ट नंबर. कंपनी एखादा भाग सुधारते तेव्हा जुना नंबर रद्द होतो आणि त्याच्या जागी नवा येतो. काही वर्षांनी त्याच्याही जागी तिसरा. १९५०च्या छापील पुस्तकातला नंबर आज कुठेही टाकला तर 'उपलब्ध नाही' हेच उत्तर येतं, आणि नवखा माणूस तिथेच हार मानतो. प्रत्यक्षात वस्तू दुकानात पडलेली असते, फक्त तिसऱ्या नावाने. सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळेल: जुनी लिंक मोडलीये, रीडायरेक्ट कुणीतरी जपून ठेवला पाहिजे. तो इथे जपलाय छापील पार्ट बुकांनी, जुन्या डीलरांनी आणि हौशी लोकांच्या क्लबांनी. अमेरिकेतला अँटिक आउटबोर्ड मोटर क्लब १९६५ पासून हेच काम करतो आहे.

मोटरीचं कुळ शोधायचं

जॉन्सन-एव्हिनरूडचं त्यातल्या त्यात सोपं. खरी कसरत 'दुकानी' मोटरींची. साठ-सत्तर वर्षांपूर्वी सीअर्स, माँटगोमेरी वॉर्ड अशी मोठी दुकानं स्वतःच्या नावाने मोटरी विकायची, बनवायचं दुसरंच कुणीतरी. सीअर्सची 'एल्जिन' मोटर हातात आली तर एल्जिन नावाची कंपनी शोधत बसून उपयोग नाही. ती बनवायची वेस्ट बेंड. वेस्ट बेंडचा मोटरीचा धंदा १९६५ मध्ये क्रायस्लरने घेतला. क्रायस्लरने १९८४ मध्ये तो बेलायनर या बोटवाल्यांना विकला, तिथे त्याचं नाव झालं 'फोर्स'. १९८६ मध्ये बेलायनरच ब्रन्सविकने घेतली, आणि ब्रन्सविककडे १९६१ पासून मर्क्युरी होतीच. एका मोटरीची एवढी घराणी! एल्जिनचा भाग हवा असेल तर वेस्ट बेंडच्या आणि सुरुवातीच्या क्रायस्लरच्या यादीत बघायचं, हे ज्याला माहीत आहे त्याचं काम होतं.

मॉडेल कुठल्या वर्षाचं हेही शोधावं लागतं, कारण एका वर्षाच्या फरकाने भाग बदलतो. ओएमसीने १९८०च्या सुमारास वर्ष लिहायची एक मजेशीर पद्धत आणली. 'इंट्रोड्यूसेस' या इंग्रजी शब्दात दहा वेगवेगळी अक्षरं आहेत. त्यांना ओळीने १ ते ९ आणि शेवटी ० असे आकडे दिले. आय म्हणजे १, एन २, टी ३, असं करत सी म्हणजे ८, ई म्हणजे ९, एस म्हणजे शून्य. मॉडेलच्या क्रमांकात 'सीडी' अशी जोडी असेल तर ८ आणि ६, म्हणजे १९८६. चाळीस वर्षांपूर्वीचं हे साधं एन्कोडिंग, आणि ते आजही उपयोगी आहे, कारण ते उघड आहे. किल्ली कुणाच्या सर्व्हरवर ठेवलेली नाही.

आणि पाटीच निघून गेली असेल तर? ओएमसीच्या अनेक मोटरींच्या ब्लॉकवर एक गोल धातूची टिकली ठोकलेली असते, तिच्यावर मॉडेल क्रमांक कोरलेला सापडतो. रंगाचे चार थर खरवडले की दिसतो.

जे मिळतच नाही त्याचं काय

काही भाग खरोखर संपलेत. धंद्यात त्याला 'एनएलए' म्हणतात, म्हणजे यापुढे मिळणार नाही. कंपनी जिवंत आहे म्हणून सुटका होते असंही नाही. मर्क्युरी आज जोरात चालू आहे, पण म्हणून साठ वर्षांपूर्वीच्या मॉडेलचा प्रत्येक तुकडा ती ठेवणार नाही. अशा वेळी तीन वाटा उरतात.

पहिली वाट, कुणा डीलरच्या माळ्यावर पडून असलेला, कधीच न वापरलेला जुना माल. जुनं दुकान बंद होतं, वारस सगळं एकगठ्ठा विकतात, आणि खोके उघडल्यावर १९६०चे गिअर ग्रीसच्या कागदात गुंडाळलेले निघतात. हा साठा संपणारा आहे. रबरी माल असेल तर खोक्यात बसूनही म्हातारा होतो, त्यामुळे 'नवा' इम्पेलर मिळाला म्हणून आनंदून जाऊ नये.

दुसरी वाट म्हणजे दाता मोटर. बंद पडलेली तशीच मोटर भंगाराच्या भावात घ्यायची आणि तिचे अवयव काढायचे. गिअरपेटीसारख्या ओतीव भागाला बहुधा हाच मार्ग. इथे हिशोब निर्दय आहे: दोन मेलेल्यांतून एक जिवंत होते, म्हणजे प्रत्येक दुरुस्तीमागे जगातली एक मोटर कमी. शिवाय दाता गोड्या पाण्यातला हवा. खाऱ्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियमच्या अंगात बसलेले स्टीलचे बोल्ट असे जाम होतात की ते काढताना ब्लॉकच फुटतो. अशा जुन्या मोटरींची हौस विस्कॉन्सिन-मिनेसोटाच्या तळ्यांकाठी फुलली, याचं अर्ध कारण तिथल्या कारखान्यांत आहे आणि अर्ध पाण्यात. मालवणच्या समुद्रात सत्तर वर्षांची मोटर शोधू नका, मिळणार नाही.

तिसरी वाट मला सगळ्यात आवडते: भाग शोधायचाच नाही, त्याची गरजच काढून टाकायची. १९५०च्या दशकातल्या बऱ्याच जॉन्सन-एव्हिनरूडना पेट्रोलपंप नव्हता. इंजिन आपल्या क्रँककेसमधली हवा एका नळीतून टाकीत सोडायचं, त्या दाबाने पेट्रोल दुसऱ्या नळीतून वर यायचं. दोन नळ्यांची दाबाची टाकी. आज त्या टाकीचं झाकण आणि सील दुर्मिळ, आणि दाबाखाली पेट्रोलची गळकी टाकी पायाशी ठेवणं म्हणजे आगीशी खेळ. मग लोक काय करतात? पुढच्या काळातल्या मोटरींवर येणारा छोटा डायफ्रॅम पंप बसवतात. तो क्रँककेसमधल्याच दाबाच्या ठोक्यांवर चालतो, टाकी साधी एका नळीची चालते. मूळ भाग नाही, मूळ रूपही नाही, पण मोटर सुरक्षित आणि चालू. शुद्धतावादी नाक मुरडतात. मुरडोत.

थ्री-डी प्रिंटिंगबद्दल मला हमखास विचारलं जातं. मुठी, बटणं, छोट्या क्लिपा, साच्यासाठीचा नमुना, इथपर्यंत छान. पण घरगुती प्रिंटरचं प्लॅस्टिक पेट्रोल, उष्णता आणि गिअरचा भार सोसत नाही. गास्केट तर अजूनही कागदाच्या शीटमधून कात्रीने कापणं हाच सर्वोत्तम उपाय आहे.

इथेनॉल: चालू भागांचाही शत्रू

सुट्या भागांची मागणी वाढवणारं एक कारण टाकीतच आहे. अमेरिकेत बहुतेक पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळं बसतं, आणि इंजिनाला नेमका तोच घोट मिळतो. जुन्या नळ्यांचं रबर चिकट होतं. पन्नासच्या दशकातल्या कार्बोरेटरमधला तरंगा चक्क बुचाच्या लाकडाचा, वर लाखेचा लेप; इथेनॉलमध्ये तो लेप विरघळतो, बूच पेट्रोल पितं आणि बुडतं. १५ टक्क्यांचं मिश्रण तर तिथे बोटींच्या इंजिनांत टाकायला कायद्यानेच मनाई आहे.

आपण २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोचलो आणि त्या पावसाळ्यात जुन्या गाड्यांचे मालक मायलेज, नळ्या आणि सीलबद्दल विचारू लागले. या वादात 'इंजिनाला काही होत नाही' आणि 'इंजिन संपलं' अशा दोन टोकाच्या आरोळ्या ऐकू येतात. जुन्या आउटबोर्डांचा अनुभव जास्त नेमका आहे: धातूच्या मुख्य भागांच्या खूप आधी रबर, बूच आणि लेप जातात. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या आणि सील जिथे मिळतात ती गाडी तरते. म्हणजे प्रश्न पुन्हा सुट्या भागांचाच.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. कार्बोरेटरच्या जुन्या टू-स्ट्रोक मोटरी घाणेरड्या असतात. पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त इंधन न जळताच बाहेर, थेट पाण्यात जातं. कॅलिफोर्निया-नेवाडाच्या सीमेवरच्या लेक टाहोने १९९९ मध्ये त्यांच्यावर बंदी आणली, आणि ते बरोबरच होतं. रविवारी तासभर फिरवायची हौस वेगळी, रोजचा वापर वेगळा.

आता २०१५च्या मोटरीकडे

ही घाण कमी करायलाच एव्हिनरूडने २००३ पासून 'ई-टेक' मोटरी आणल्या. टू-स्ट्रोकच, पण इंधन थेट सिलिंडरमध्ये, नेमक्या क्षणी, कॉम्प्युटरच्या हिशोबाने. अभियांत्रिकी म्हणून सुंदर काम. त्या कॉम्प्युटरला ईएमएम म्हणतात, इंजिन मॅनेजमेंट मॉड्यूल. आता बघा: प्रत्येक इंजेक्टर कारखान्यातून किंचित वेगळा निघतो, म्हणून प्रत्येकाचा प्रवाह मोजून त्याची एक फाइल केलेली असते. इंजेक्टर बदलला की ती फाइल कंपनीच्या डायग्नोस्टिक सॉफ्टवेअरने ईएमएममध्ये भरावी लागते.

म्हणजे इथे सुटा भाग ही फक्त वस्तू राहत नाही. वस्तू, तिची फाइल आणि ती भरायचं सॉफ्टवेअर, असं त्रिकूट लागतं. दाता मोटरीतून इंजेक्टर काढला, पण त्याची फाइल नाही. तर तो नुसता धातूचा तुकडा. आज हे सगळं मिळतं. बीआरपीने शब्द पाळलेला आहे असंच गृहीत धरू. पण २०२४च्या ऑक्टोबरमध्ये याच कंपनीने आपला उरलेला बोटींचा धंदाही विकायला काढल्याचं जाहीर केलं. ज्या कंपनीने बोटींचा धंदा विकायला काढला, ती बंद पडलेल्या इंजिनाच्या फाइली किती वर्षं सांभाळेल? १९५६च्या कॉइलचा आराखडा समोरची कॉइल मोजून काढता येतो. इंजेक्टरची फाइल हरवली, तर तो इंजेक्टर खास यंत्रावर पुन्हा मोजणारा कुणीतरी शोधावा लागेल, आणि कुलूप उघडणाराही.

कुलूप हा शब्द मी उगाच वापरत नाही. अमेरिकेत १९९८च्या डिजिटल कॉपीराइट कायद्यानुसार सॉफ्टवेअरचं कुलूप तोडणं हाच गुन्हा होता, मग यंत्र तुमच्या मालकीचं का असेना. दर तीन वर्षांनी त्यातल्या सवलती ठरतात. जमिनीवरच्या वाहनांना दुरुस्तीसाठी सवलत आधी मिळाली. २०२१ मध्ये ती बोटींनाही लागू झाली आणि २०२४ मध्ये पुढे चालू राहिली. पण मेख अशी की कुलूप तुम्ही तोडू शकता, ते तोडायचं हत्यार बनवून विकायला मात्र बंदीच आहे. गावच्या मेकॅनिकने स्वतः रिव्हर्स इंजिनिअरिंग करावं अशी अपेक्षा आहे बहुधा!

दुरुस्तीच्या हक्काची लढाई जोरात आहे, पण ती ट्रॅक्टर आणि फोनभोवती फिरते. कोलोराडोने २०२३ मध्ये शेतीच्या यंत्रांसाठी कायदा केला. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने जॉन डिअरवर खटला भरला, त्यात मिनेसोटा हे राज्यही वादी आहे. युरोपियन युनियनचा २०२४चा दुरुस्ती-नियम वॉशिंग मशीन, फ्रिज, फोन अशा ठरावीक यादीपुरता आहे. आउटबोर्ड मोटर त्या यादीत नाही.

आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, जिथे कंपन्यांनी दुरुस्तीची आणि सुट्या भागांची माहिती द्यायची आहे. त्यासाठी निवडलेली क्षेत्रं चार: शेतीची अवजारं, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं. कोकण-गोव्यातल्या लहान होडीवाल्याची मोटर ही हौस नाही, रोजची चूल आहे. पावसाळ्यातल्या बंदीत ती उघडून इम्पेलर, सील, प्लग बदलायचे आणि हंगामाला तयार ठेवायची, हे त्याला किंवा बंदरावरच्या मेकॅनिकला आज जमतं. पुढची मोटर फोर-स्ट्रोक, इंजेक्शनची आणि कॉम्प्युटरची असेल. तिचं डायग्नोस्टिक सॉफ्टवेअर बंदरावर कुणाकडे असणार, हे विकत घेतानाच डीलरला विचारून, लेखी घेतलेलं बरं. त्या चार क्षेत्रांत मासेमारीच्या बोटीचं इंजिन वेगळं मोजलेलं नाही.